पाव चक्कर

गाडी जॅकवर चढवली,
पुढचं चाक वरून-खालून धरून हलवलं,
दुखरा दात जिभेने हलवावा तसं.
टक्.
एर्मेक बॅटरी धरून उकिडवा बसला होता. म्हणाला, ऐकू आलं.
येणारच. मुरगाबात झाड नाही एकही,
आवाजाला अडवणार कोण.

अता दारात उभे, पियाला हातात.
असू दे गं, म्हणाले, एवढा प्ले चालतो.
तीस वर्षं चालला.
अक-बैतालच्या खिंडीत, बर्फात, दगडात,
कपडे धुवायच्या फळीसारख्या त्या रस्त्यावर
स्टिअरिंग आधी पाव चक्कर रिकामं फिरायचं
आणि मग गाडीला कळायचं.
ते पाव चक्कर अता आधीच देऊन ठेवत.
वळण दिसायच्या एक श्वास आधी
त्यांचं मनगट वळलेलं असे.
मी लहानपणी समजायचे
की गाडी अशीच चालवतात.

नकल उघडलं.
ग्रीस काळं, वाळू खाऊन घट्ट झालेलं,
आणि किंगपिनच्या टोकाला बसणारी प्लास्टिकची वाटी
चोखून टाकलेल्या जर्दाळूसारखी
एका बाजूने संपलेली.
टाय रॉडचं डावं टोक तर हात लावताच निघालं.
त्याला दोरी गुंडाळलेली, निळी, नायलॉनची,
सात-आठ वेढे, वर गाठ.
ही कधी बांधली?
अतांना आठवेना.
चहा संपला, मग म्हणाले,
तुझ्या आईला खोरोगच्या दवाखान्यात नेलं ती रात्र.
येताना प्रत्येक पुलाशी ती उतरायची,
वाकून गाठ बघायची,
मगच मला पूल ओलांडू द्यायची.
आम्ही तिघं गप्प.
एर्मेकने उगाचच बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

वाट्या ओशहून आल्या, कामाझच्या टपात, वर्तमानपत्रात बांधून.
चार. पितळेपेक्षा लालसर, काशाच्या.
एक मेंढी गेली त्यांच्यापायी.
वर-खाली पातळ पत्र्या घालायच्या, कमी-जास्त करायच्या,
इतकं घट्ट की डुगडुगू नये,
इतकं सैल की अडू नये.
मोजायला माप नव्हतं.
तुर्दुमाम्बेत खाटकाकडून मांस तोलायचा काटा आणला.
त्याचा आकडा नकलच्या दांडीत अडकवून ओढला:
अडीच किलोला नकल वळलं.
माझ्या हाताला ग्रीसचा आणि याकच्या चरबीचा
एकच वास यायला लागला.

मग अता बसले.
गावाबाहेरच्या खारट मैदानात नेली त्यांनी,
आणि गाडी निघाली वेडीवाकडी,
डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
लग्नातून उशिरा निघालेल्या पाहुण्यासारखी.
त्यांचं मनगट जुनं पाव चक्कर देत होतं
आणि गाडी ते सगळं मनावर घेत होती.
उतरले. तळहात उलटेसुलटे करून पाहिले.
ऐकते, म्हणाले. फार लवकर ऐकते.

तीस वर्षं जी गोष्ट बिघाड होती
तीच त्यांची विद्या होती,
आणि मी ती पान्याने काढून घेतली होती.

रात्री मी पुन्हा खाली शिरले.
स्टिअरिंग बॉक्सवरचा चेक-नट सैल केला,
स्क्रू किंचित उलटा फिरवला.
पाव नव्हे. पावाचाही पाव.
एवढी मोकळीक कंपनीसुद्धा ठेवते,
असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.
नट आवळला. हात इतके गारठले होते
की पाना खाली पडला ते आवाजावरून कळलं.

पहाटे अता एकटेच गेले, न सांगता.
उजाडल्यावर मी चाकांच्या खुणा बघत चालले.
पहिले शंभर पावलं साप.
मग नांगराची रेघ.
आणि बाजाराच्या कंटेनरांपाशी जिथे रस्ता वळतो
तिथे डबक्याचा कोपरा कापला गेलेला,
वळणाच्या एक श्वास आधी.
बर्फाचा पापुद्रा फुटून पाणी वर आलं होतं,
अजून गोठलं नव्हतं.